परतीचे दोर कोण कापतंय?

पालकहो,

दहावीनंतर मुलगा कला शाखेला जातो म्हणाला, तर आपल्याकडे चार दिवस घरात कुणी धड बोलत नाही. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला निघाली, तर आई लाडवांचा डबा भरता भरता पदरानं डोळे टिपते. अशा तुमच्या-माझ्या घरात बाविशीच्या लेकीनं जेवता जेवता सांगितलं, "मी मंगळावर जायला नाव दिलंय. परत यायची सोय नाहीये," तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल?

पालकांशी गप्पा मारताना मी हा प्रश्न मुद्दाम टाकते. उत्तरं बरीचशी ठरलेली. "हेच बघायला लहानाचं मोठं केलं का?" हे एक. "आधी शिक्षण पुरं कर, मग कुठं जायचं तिथं जा," हे दुसरं. एक बाबा म्हणाले, "मी हसून सोडून देईन. असलं काही होत नसतं." त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी मात्र विचारलं, "पण तिला नेणारे कोण आहेत?"

माझ्या मते आईबापांनी विचारायचा प्रश्न हाच. बाकीच्यांचा सगळा रोख मुलीवर आहे. तिला अक्कल आहे का, तिला आमची माया आहे का, वगैरे. या बाईंची नजर पाठवणाऱ्याकडे गेली. आज मला तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचंय.

"असलं काही होत नसतं" हे आधी मिटवू. असलं झालेलं आहे. २०१२ साली नेदरलँड्समध्ये बास लान्सडॉर्प नावाच्या उद्योजकानं 'मार्स वन' हा प्रकल्प जाहीर केला. चार-चार माणसांच्या तुकड्या मंगळावर पाठवायच्या, त्यांनी तिथं वस्ती करायची आणि उरलेलं आयुष्य तिथंच काढायचं. पहिली तुकडी २०२३ साली उतरायची होती. खर्चाचा अंदाज सहा अब्ज डॉलरचा, आणि त्यातला मोठा वाटा माणसांची निवड, तयारी, प्रवास हे सगळं टीव्हीवर दाखवून उभा करायचा बेत. ज्या 'बिग ब्रदर'वरून आपल्याकडचा 'बिग बॉस' आला, त्याच्या निर्मात्यांपैकी एक, पॉल रोमर, सल्लागारांत होते. एप्रिल २०१३ मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली. वय अठरा पूर्ण हवं, पदवी नसली तरी चालेल, विमान चालवल्याचा अनुभव नसला तरी चालेल. अर्जाला फी होती, देशागणिक वेगळी. अमेरिकन माणसाला ती ३८ डॉलर पडायची. दोन लाखांवर लोकांनी तयारी दाखवली आणि त्यात सुमारे दहा टक्के भारतीय आहेत, असा कंपनीचा दावा होता. फी भरून अर्ज पुरा केलेले काही हजारच होते, हे मागाहून कळलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये शंभर जणांची यादी लागली. पन्नास बायका, पन्नास पुरुष. त्यांत तीन भारतीय. शंभरांत कुणी कॉलेजात शिकणारं होतं, कुणी संसारी होतं, कुणाला पोरंबाळं होती.

म्हणजे जगातल्या शंभर घरांत हे वाक्य खरोखर बोललं गेलं. त्या घरांतल्या आईबापांना शेजारीपाजारी पेढे मागायला आले असतील की धीर द्यायला, कोण जाणे.

आता पहिली शंका अशी येते, की बाबांनो, परत का नाही यायचं? जाता येतं तर येता का येत नाही? याचं उत्तर पैशात आहे. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. तिथून सुटायला सेकंदाला पाच किलोमीटरचा वेग लागतो. तेवढा वेग द्यायला इंधन हवं आणि ते जाळायला ऑक्सिजन हवा. हे सगळं पृथ्वीवरून वाहून न्यायचं म्हटलं तर खर्चाचा डोंगर, तिथं बनवायचं म्हटलं तर ते तंत्र अजून बाल्यावस्थेत. 'पर्सिव्हरन्स' या गाडीवर नासानं 'मॉक्सी' नावाचं लहानसं यंत्र पाठवलं होतं. २०२१ ते २०२३ या काळात त्यानं मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. सगळा मिळून १२२ ग्रॅम. एखादं छोटं कुत्रं दहा तासांत श्वासावाटे घेईल तेवढा. चार माणसांचं यान मंगळावरून उठवायला सुमारे २५ टन लागतो. मधलं अंतर तुमच्या लक्षात आलं असेल.

तेव्हा काही शास्त्रज्ञांना वाटलं, परतीचं कलमच काढून टाकलं तर? पॉल डेव्हिस आणि डर्क शुल्झ-माकुख या दोघांनी २०१० साली असा लेखच लिहिला होता, आणि तो काही वेडगळपणा नव्हता. पहिल्या वसाहती अशाच वसल्या, माणसं घरदार सोडून गेली ती कायमची, असा त्यांचा युक्तिवाद. तो ऐकायला भारदस्त वाटतो. पण त्याच्या तळाशी काटकसर आहे, आणि ती कशात केली जातेय ते बघा. यान स्वस्त पडतं ते आपल्या पोरीचं परत येणं वगळल्यामुळे.

अंतराळाच्या इतिहासात हा मोह नवा नाही. १९६१ साली केनेडींनी अमेरिकेपुढे उद्दिष्ट ठेवलं ते दोन भागांचं होतं: दशक संपायच्या आत माणसाला चंद्रावर उतरवायचं आणि सुखरूप परत आणायचं. पुढच्याच वर्षी बेल एरोसिस्टिम्स कंपनीच्या दोघा अभियंत्यांनी सुचवलं, की रशियाला मागं टाकायचं तर एकट्या माणसाला आत्ताच चंद्रावर पाठवू, तिथं त्याला रसद पुरवत राहू आणि परतीचं यान तयार झालं की दोन-तीन वर्षांनी आणू. नासानं तो रस्ता धरला नाही. वास्तविक तेव्हा शर्यत होती, घाई होती, आणि स्वयंसेवकही मिळाले असते. तरी उद्दिष्टातला दुसरा भाग सोडला नाही. अलीकडचं उदाहरण सुनीता विल्यम्सचं. जून २०२४ मध्ये आठवडाभरासाठी गेलेली बाई यानात बिघाड झाल्यानं नऊ महिने वर राहिली. तेवढे महिने आपण सगळे, तिच्या गुजरातेतल्या मूळ गावापासून अमेरिकेतल्या मराठी मंडळांपर्यंत, "ती कधी येणार?" हेच विचारत होतो. हा प्रश्न विचारता आला, कारण तिला परत आणणं ही पाठवणाऱ्यांची जबाबदारी होती. एक यान नाही चाललं, दुसरं पाठवावं लागलं.

इथं कुणी तरी मला सिंहगड ऐकवतं. "अहो, परतीचे दोर कापण्यात काय वाईट? तानाजी पडल्यावर सूर्याजीनं दोर कापले म्हणून तर गड आला." बरोबर आहे. आपण सगळे याच गोष्टीवर वाढलो. पण गोष्टीतली एक बारीक बाब बघा. दोर कापले तेव्हा सूर्याजी गडावर होता. ज्यांचा परतीचा रस्ता बंद झाला त्यांत तो स्वतः होता. पायथ्याशी सावलीत बसून, वरच्या मावळ्यांचे दोर कापून, त्या लढाईचं थेट प्रक्षेपण विकणारा कुणी त्या गोष्टीत नाही. असता तर आपण ती गोष्ट पोरांना सांगितली नसती.

एकेरी मोहिमेच्या नीतीचा अर्धा भाग मला इथं दिसतो. जोखीम घेणारा आणि जोखमीवर कमावणारा एकच असेल, तर त्याच्या धाडसाला आपण हात जोडतो. दोघं वेगळे असतील तर हिशेब मागायला हवा.

'मार्स वन'चा हिशेब काय निघाला? ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्यांचा आराखडा तपासला. कंपनीनं जे जाहीर केलं होतं तेच गृहीत धरून त्यांनी संगणकावर वसाहत चालवून पाहिली. अन्न तिथंच पिकवायचं असल्यामुळे राहत्या जागेतच पिकं घेतली जाणार. पिकं वाढली की ऑक्सिजन सोडणार, आणि तो इतका साचणार की ठिणगीनंही आग भडकावी. म्हणून हवा बाहेर सोडायची. पण नुसता ऑक्सिजन वेगळा काढून सोडणारं, अंतराळात पारखलेलं यंत्र नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर नायट्रोजनही जाणार. नायट्रोजनचा साठा संपला की आतला दाब टिकत नाही. त्यांच्या गणितात पहिला माणूस साधारण ६८ व्या दिवशी गुदमरून दगावत होता. गव्हाची पाती जोमानं वाढली म्हणून माणूस मरावा, हे वाचताना मला कसंसंच झालं. कंपनीनं हा निष्कर्ष मानला नाही. पण तिचेच एक पाठीराखे, नोबेलविजेते डच भौतिकशास्त्रज्ञ गेरार्ड ट हूफ्ट, यांनीही नंतर बोलून दाखवलं, की हे जमायला दहा नव्हे, शंभर वर्षं लागतील. टीव्हीचा करार फिसकटला. २०२३ चं २०२५ झालं, मग २०२७, मग २०३२. आणि जानेवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयानं प्रकल्पाच्या व्यापारी कंपनीला दिवाळखोर ठरवलं.

आता क्षणभर उलटं समजा. समजा पैसा जमला असता, यान गेलं असतं, आणि कंपनीचं दिवाळं तुकडी तिथं उतरल्यावर निघालं असतं. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी येतात ते साधारण २६ महिन्यांतून एकदा. सुटे भाग त्या गाठीला पोचले नाहीत तर पुढच्या गाठीपर्यंत वाट. कंपनी बुडाली की आपण इथं ग्राहक आयोगाकडे जातो. तिथल्या चौघांनी कुणाकडे जायचं?

पण ती स्वतःहून गेली ना, असं तुम्ही म्हणाल. सज्ञान आहे, शिकलेली आहे, विचार करून सही केली. हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. आपल्या मुलांच्या संमतीला आपण फार कमी किंमत देतो, लग्नापासून करिअरपर्यंत. ती सवय मोडायलाच हवी. मात्र संमती म्हणजे काय, याचा विचार वैद्यकशास्त्रानं आपल्याआधी केलाय. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेम्बर्गची संहिता आली, १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला. माणसांवरच्या प्रयोगांना स्वेच्छेची संमती हवी, हे तर त्यांत आहेच. शिवाय प्रयोगातून बाहेर पडायची मोकळीक त्या माणसाला हवी, हेही आहे. आज इस्पितळात औषधाच्या चाचणीसाठी तुमच्याकडून सही घेतात त्या कागदावरही हे लिहिलेलं असतं: कधीही, कारण न देता, माघार घेता येईल.

मंगळाच्या नावाखाली पृथ्वीवर जे प्रयोग झाले त्यांत ही मोकळीक होती. मॉस्कोत २०१० ते २०११ मध्ये सहा पुरुष ५२० दिवस बंद यानात राहिले. ह्यूस्टनला जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस चौघं जण थ्रीडी प्रिंटरनं बांधलेल्या 'मंगळाच्या घरात' राहिले, भाजी पिकवली, बाहेर लाल वाळूत 'फिरायला' गेले. हवाई बेटांवर मौना लोआच्या उतारावर असंच एक घुमटाकार घर आहे. तिथं फेब्रुवारी २०१८ मध्ये मोहीम सुरू होऊन चार दिवस झाले होते, तोच एकाला विजेचा धक्का बसला. रुग्णवाहिका आली, त्याला इस्पितळात नेलं. साथीदारांपैकी एकानं सुरक्षिततेच्या काळजीपोटी माघार घेतली आणि मोहीम थांबली. कुणी भेकड ठरलं नाही. दार उघडलं, माणसं बाहेर आली.

बाविसाव्या वर्षी केलेली सही बत्तिसाव्या वर्षी नकोशी होऊ शकते. आपण स्वतः बाविशीत काय काय ठरवलं होतं ते आठवा, म्हणजे पटेल. एकेरी मोहिमेत बत्तिशीतल्या बाईला तोंड उघडायची जागाच ठेवलेली नाही. तिचा निर्णय बाविशीतली मुलगी घेऊन बसली. म्हणून मला ती सही अपुरी वाटते, मुलगी कितीही हुशार असली तरी.

मग ही आत्महत्या म्हणायची का? फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या इस्लामी धर्मव्यवहारांच्या सरकारी मंडळानं जवळपास तसंच म्हटलं. जिथं जगण्यापेक्षा मरण्याची शक्यता जास्त तिथं जाणं म्हणजे जीव देण्यासारखंच, म्हणून असा प्रवास निषिद्ध, असा फतवा निघाला. मला त्यातली काळजी कळते, पण निष्कर्ष पटत नाही. जीव द्यायला निघालेल्या माणसाला जगणं नकोसं झालेलं असतं. मंगळाचा ध्यास घेतलेल्या पोरांना जगणं हवं असतं, फक्त वेगळ्या जागी. त्यांना "तुला मरायचंय का?" असं विचारलंत, की संभाषण तिथंच संपतं. पोर खोलीत जाऊन दार लावून घेतं आणि आपला उरलेला मुद्दा कितीही बरोबर असला तरी ऐकून घ्यायला कुणी उरत नाही.

आणि आपल्या नकाराकडेही जरा संशयानं बघूया. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं होतं. एकट्या बाईनं जाणं तर विचारायलाच नको. लोकांनी नावं ठेवली, छळलं. त्या गेल्या, १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, परतल्या, आणि कोल्हापूरच्या इस्पितळात रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जोखीम त्यांच्याही प्रवासात होती आणि ती खरी ठरली. तरी त्यांना अडवणारे बरोबर होते, असं आज कुणी म्हणणार नाही. त्या परत येण्यासाठी गेल्या होत्या. इथल्या बायकांवर उपचार करायचे होते, त्यासाठी जे शिकायचं ते आणायला गेल्या होत्या. तेव्हा धोका आहे म्हणून नाही म्हणणं, लांब आहे म्हणून नाही म्हणणं, लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणणं, यातलं काहीच नीतीच्या नावावर खपवू नका. ती आपली भीती आहे. भीती असायला हरकत नाही, पण तिला तिच्या नावानं हाक मारावी.

आता आपल्या वाट्याचं. मुलं परदेशी गेलेल्या घरांत रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल असतो. बर्कलीत सकाळ, बोरिवलीत रात्र. "जेवलीस का?" "हो गं, आत्ता नाश्ता करतेय." मंगळावरच्या लेकीला "जेवलीस का?" विचारलंत, तर प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला किमान तीन मिनिटं आणि जास्तीत जास्त बावीस. उत्तर यायला परत तेवढीच. मंगळ फार लांब असेल तेव्हा साडेनऊच्या प्रश्नाचं "हो" सव्वादहाच्या सुमाराला येईल. तोवर ती पुढच्या कामाला लागलेली असेल आणि तुम्ही दिवे मालवायला. भांडण करायचं म्हटलं तरी जमणार नाही, दोघांचे शब्द वाटेतच एकमेकांना ओलांडून जातील. आणि साधारण २६ महिन्यांतून एकदा सूर्य मधे येतो, तेव्हा मंगळाभोवतीच्या यानांना आज्ञा पाठवणं नासा दोनेक आठवडे थांबवते. त्या पंधरवड्यात घरी कुणी गेलं, तर लेकीला उशिरा कळणार.

हे ऐकून पालक मला विचारतात, "आमच्या दुःखाला काही किंमत आहे की नाही?" आहे. पण सौदा करण्याइतकी नाही. मुलानं आपल्याकडे जन्म मागितला नव्हता, आपण दिला. म्हातारपणाची काठी होण्याचा करार त्यानं केला नव्हता, आपण मनात केला. म्हणून "आमच्यासाठी थांब" ही विनंती होऊ शकते, हुकूम होऊ शकत नाही.

उलट बाजूनं मात्र मी कडक आहे. त्या शंभरांच्या यादीत आईबापही होते. चाळिशीचा बाप म्हणतो, मी मानवजातीसाठी जातो, पोरं समजून घेतील. तो आणि ती बाविशीची लेक, दोघांना मी एका तागडीत तोलणार नाही. लेकीनं आपल्याला काही वचन दिलेलं नसतं. बापानं दिलेलं असतं, मूल जन्माला घालण्यातच ते आलं. सात वर्षांचं पोर "जा बाबा" म्हणालं तरी ती संमती नव्हे, ते बाबांना खूश करणं आहे. लहान मूल घरी असताना न परतण्याचा अर्ज भरणाऱ्याला माझ्याकडून तरी टाळ्या नाहीत.

आणि जी अजून जन्मालाच आली नाहीत त्यांचं काय? वस्ती करायची म्हणजे पुढंमागं तिथं पाळणा हलणार. पृथ्वीबाहेर आजवर एकही माणूस जन्मलेला नाही. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात गर्भ नीट वाढेल का, हाडं कशी घडतील, पुढं पृथ्वीवर यायचं म्हटलं तर ते शरीर इथलं वजन पेलेल का, हे सगळं त्या मुलावरच पहिल्यांदा तपासलं जाणार. वर किरणोत्सार आहेच. नासाच्या 'क्युरिऑसिटी' या मंगळावरच्या गाडीनं केलेल्या मोजमापावरून जाण्यायेण्याच्या प्रवासातच माणसाला साधारण ६६० मिलिसिव्हर्ट एवढा मारा सोसावा लागतो. नासानं अंतराळवीराच्या सबंध कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० ची आहे. मोठ्यानं हे जाणून सही केली तर ती त्याची. तिथं जन्मणाऱ्या मुलाच्या वतीनं सही कोण करणार? इलॉन मस्क यांनी २०१६ साली मेक्सिकोत मंगळाची योजना मांडली, तेव्हा तेही म्हणाले, की पहिल्या प्रवासांत मरणाचा धोका मोठा असेल, मुलांना पाठवा असं मी सुचवणार नाही. एवढं तर मंगळाचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ताही मान्य करतो.

मग लेक समोर बसली असताना करायचं काय? तिच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तो अर्ज दोघांनी मिळून वाचायचा. बँकेचं कर्ज घेताना आपण बारीक अक्षरातलं वाचतो, हे तर आयुष्य आहे. वाचताना पाच प्रश्न पाठवणाऱ्यांना लिहून पाठवायचे. पैसा कुणाचा, आणि तुमची संस्था बुडाली तर वीस वर्षांनी सुटे भाग कोण पाठवणार? तुमचा आराखडा तुमच्याशी लागेबांधे नसलेल्या कुणी तपासलाय का, आणि तो अहवाल आम्हाला वाचायला मिळेल का? तिथं दुखणंखुपणं आलं, शस्त्रक्रिया लागली, मन ढासळलं, तर काय सोय आहे? तिनं दहा वर्षांनी "मला परत यायचंय" म्हटलं तर तुम्ही काय करणार? आणि ती तिथं मेली, तर कोण काय करणार हे ठरवलंय का?

शेवटचा प्रश्न अभद्र वाटेल, पण जबाबदार पाठवणारे तो आधी विचारतात. १९६९ साली अपोलो ११ चंद्रावर उतरण्यापूर्वी, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच अडकले तर अध्यक्ष निक्सन यांनी काय बोलायचं, याचं भाषण लिहून ठेवलं होतं. आधी त्यांच्या बायकांना फोन करायचा, मग देशाशी बोलायचं, मग समुद्रात मूठमाती देतात त्या विधीनं धर्मगुरूनं निरोप द्यायचा, इथपर्यंत ठरलं होतं. भाषणाची गरज पडली नाही. २०१४ साली अमेरिकेत नासाच्या सांगण्यावरून एका तज्ज्ञ समितीनं लांबच्या अंतराळ मोहिमांच्या नीतीवर अहवाल दिला, त्यातही हेच सूत्र आहे. अंतराळवीर राजी आहे एवढ्यानं भागत नाही. धोका कमी करण्याची, फायदा-तोटा प्रामाणिकपणे मांडण्याची, आणि गेलेल्या माणसाच्या तब्येतीची पुढं आयुष्यभर काळजी घेण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तो अहवाल दुहेरी प्रवासाबद्दल बोलतो. एकेरी प्रवासाला त्याहून कमी मापं कशी चालतील?

तुमच्या लेकीला हे प्रश्न शिकवले तर ते मंगळापुरते राहणार नाहीत. पहिल्याच नोकरीत तीन वर्षांचा बाँड पुढं येईल, एजंट परदेशातलं काम दाखवून पासपोर्ट मागेल, कुणी तरी "हे सगळं मोठ्या ध्येयासाठी आहे" म्हणत फुकट राबवून घेईल. तिथंही ती विचारेल, की ध्येय दोघांचं आहे, मग किंमत मी एकटीनं का मोजायची? मला बाहेर पडायचं झालं तर दार कुठंय?

समजा पाचही प्रश्नांची पक्की उत्तरं मिळाली. पैसा आहे, तपासणी झाली आहे, डॉक्टर आहे, परतीची काही तरी वाट राखून ठेवली आहे. आणि तरीही तिला जायचंच आहे. तर मग अडवायला तुमच्याकडे नीतीचं कारण उरत नाही, उरतं ते दुःख. ते तिला एकदा, स्पष्ट, रडत सांगा हवं तर, पण त्याची धमकी करू नका. सांगून झालं की सामान भरायला मदत करा.

तो दिवस अजून आलेला नाही. आजवर ज्यांनी एकेरी तिकीट विकायला काढलं, त्यांच्याकडे या प्रश्नांची धड उत्तरं नव्हती. तेव्हा सध्या ठामपणे नाहीच म्हणायचं. फक्त ते पोरीवर ओरडून नका म्हणू, पाठवणाऱ्याला पत्र लिहून म्हणा, आणि त्या पत्राखाली तिचीही सही घ्या.